छापील पुराव्याची वाट

सगुणा पाटील विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला लागली, तेव्हा ती तिथे नेमकं काय करते हे तिच्या वाडीत कोणालाच धड सांगता येत नसे. तिची आई आवडाबाई बाजारात मासळी विकताना गिऱ्हाइकांना सांगे, "माझी पोर पुस्तकांच्या हापिसात हाय." गिऱ्हाईक विचारी, "विकते का पुस्तकं?" त्यावर आवडाबाई म्हणे, "विकत नाय बाय, नुसती सांभालते." आणि पापलेटाचा भाव मात्र तेवढ्यावर खाली येऊ देत नसे.

काम तसं नुसतं सांभाळण्याचं नव्हतं. विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय मुंबईत. तिथली संशोधनाची नियतकालिकं, प्रबंध, संदर्भसूच्या म्हणजे शाळेतल्या शिक्षकांना परकं जग होतं. नव्वद सालाच्या आसपास विद्यापीठाने ठाण्यात एका कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन शिक्षकांसाठी कक्ष उघडला. कल्याण, डोंबिवली, विठ्ठलवाडीपासूनचे शिक्षक शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिथे येत. कोणी एम.एड. करत असे, कोणाला वर्गातल्या एखाद्या अडचणीवर छोटा शोधनिबंध लिहायचा असे. देवळात शिरावं तसे ते चपला दाराबाहेर काढत. दिवसभर पन्नास पोरांना प्रश्न विचारणारी ही माणसं टेबलापाशी आली की त्यांच्या तोंडून एकही प्रश्न फुटत नसे.

सगुणाला त्यांना बोलतं करता येई. ग्रंथालयशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडलेली, अंगात हुरूप. ती त्यांना कार्डांचे खण उघडून दाखवी, विषयाचं नाव कसं शोधायचं ते शिकवी, इंग्रजी सारांश वाचून मराठीत समजावी. हवा तो लेख ठाण्यात नसला तर मागणीची चिठ्ठी भरून मुंबईला धाडी. मुंबईत नसला तर दुसऱ्या विद्यापीठाला पत्र जाई आणि कधीतरी झेरॉक्स येई. ती शिक्षकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. "सर, तुम्हाला वाटतं म्हणून ते संशोधन होत नाही. कोण म्हणालंय, कुठे म्हणालंय, कितव्या पानावर, हे दाखवता आलं पाहिजे." शिक्षक माना डोलवत आणि लिहून घेत.

कक्षाचे ग्रंथपाल होते प्रभाकर टिपणीस. ठाण्यातल्या जुन्या घरातले, स्वभावाने मोकळे आणि मासळीचे दर्दी. सोमवारी आले की रविवारच्या बाजाराची हकीकत सांगायची हा त्यांचा नेम.

"अहो पाटील, कोळणीशी भाव करायचा म्हणजे आधी जिभेचा विमा उतरवून जावं लागतं. कालची कोळीण मला म्हणते, साहेब, परवडत नसेल तर वास घ्या, त्याचे पैसे नाय."

सगळे हसत. सगुणाही हसे. ती कोळणीची मुलगी आहे हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने कधी खोटं सांगितलं नव्हतं, फक्त सांगितलं नव्हतं. "पाटील म्हणजे कुठले?" असं कोणी विचारलं तर ती "इथलेच, ठाण्याचे" म्हणायची, आणि ऐकणारा त्याला हवं ते समजून घ्यायचा. डोंबिवलीत खोली भाड्याने घेताना घरमालकीणबाईंनी बजावलं होतं, "आमच्याकडे वशाट, मासेमटण चालत नाही हं." त्यावर तिने नुसती मान हलवली होती. महिन्यातून एकदा ती वाडीवर जाई आणि परतताना साबणाने हात इतके घासून धुई की आई म्हणे, "कातडी निघंल गो."

अशा एका शनिवारी वासंती पेठे पहिल्यांदा कक्षात आल्या. बाई डोंबिवलीच्या, वय पंचेचाळिशीचं, खांद्याला कापडी पिशवी आणि तिच्यात पोरांच्या वह्या. बसल्या बसल्या त्यांनी सांगून टाकलं, "मला संशोधन वगैरे येत नाही. पण एक कोडं आहे, आणि ते सुटलं नाही तर माझी शाळा जाईल."

"शाळा कुठली, बाई?"

"कोलशेतच्या पुढे, खाडीच्या कडेला एक वाडी आहे. दोन खोल्यांची शाळा. तुला ठाऊक नसेल. कोळ्यांची वस्ती."

सगुणाच्या हातातलं पेन थांबलं. त्या दोन खोल्यांपैकी डावीकडच्या खोलीत ती पहिली ते चौथी शिकली होती. आता तिच्या भावाची, धाकूची मुलगी मनू तिथे तिसरीत होती.

"नाव ऐकलंय," ती म्हणाली.

कोडं असं होतं. मुलं हुशार होती, शाळेत यायची तेव्हा मन लावून शिकायची. पण दर पंधरा दिवसांनी चारपाच दिवस अर्धा वर्ग गायब व्हायचा. मग पुन्हा हजर, जसं काही झालंच नाही; विचारलं तर पोरं पोट दुखत होतं म्हणून सांगत. पटावर मुलं भरपूर, हजेरी कमी. अशा शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळून टाकायचं वरती चाललं होतं. मोठी शाळा घोडबंदर रस्त्याच्या पलीकडे, आणि त्या रस्त्यावर दिवसभर ट्रक.

"मुली तर एकही जाणार नाही तिथे," बाई म्हणाल्या. "शिक्षकांचं जिल्ह्याचं संमेलन आहे मार्चमध्ये. तिथे निबंध वाचला, कारण नीट मांडलं, तर साहेब लोक ऐकतील असं मला वाटतं. तू मला फक्त वाट दाखव."

कारण सगुणाला त्याच क्षणी सांगता आलं असतं. पौर्णिमा-अवसेला उधाणाची भरती येते. पाण्याला ओढ असते तेव्हाच जाळ्यात काही लागतं. मध्यरात्री भरती उलटली की होड्या निघतात, पहाटेला परततात, आणि मग घरातलं प्रत्येक माणूस कामाला लागतं. आया मासळी घेऊन बाजारात पळतात. मागे राहिलेला जवळा आणि कोळंबी निवडायला, वाळत घालायला, धाकट्यांना सांभाळायला पोरंच असतात. मग भांग येतो, म्हणजे भरती लहान होते, पाण्याचा जोर जातो, आणि पोरं शाळेत परततात. सगुणाही अशीच गैरहजर राहायची आणि परतल्यावर तळहातावर छड्या खायची. हे सगळं तिच्या ओठांशी आलं. पण ते बोलायचं तर पुढचा प्रश्न आलाच असता, "तुला गं कसं माहीत?"

तिने कार्डांचा खण उघडला. "बाई, आधी यावर कोणी काय लिहिलंय ते पाहू."

पुढचे तीन महिने वासंतीबाई दर शनिवारी आल्या. सगुणाने त्यांना गळती आणि अनुपस्थितीवरचे लेख काढून दिले. त्यातल्या एका नियतकालिकातून पालकांसाठीची तयार प्रश्नावली मिळाली, ती तिनेच मराठीत उतरवून दिली. गैरहजेरीची कारणं म्हणून पुढे चौकोन होते. आजारपण, गरिबी, पालकांची उदासीनता, व्यसन, आणि शेवटी इतर. बाईंनी पत्करलेल्या कामात कसूर केली नाही. रविवारी भर दुपारी त्या वाडीत घरोघर फिरल्या.

"काय सांगू तुला," पुढच्या शनिवारी त्या म्हणाल्या. "बारा वाजता बाप्ये झोपलेले. एकाला उठवलं तर असा अंगावर आला, की मी दोन पावलं मागे. तोंडाला वास नव्हता खरं म्हणजे, पण डोळे लालभडक. मी काय समजायचं?"

सगुणा प्रश्नावलीचे कागद पाहत होती. उदासीनतेच्या चौकोनात खुणा, व्यसनाच्या चौकोनात खुणा. इतरची ओळ सगळीकडे कोरी. एका कागदावर धाकू गोमाजी पाटील असं नाव होतं आणि समोर दोन्ही खुणा. धाकू रात्रभर पाण्यात होता आणि दारूच्या थेंबाला शिवत नव्हता.

"बाई, दुपारी..." ती म्हणाली.

"काय?"

"दुपारी ऊन असतं. संध्याकाळी जाऊन बघा."

बाई संध्याकाळी गेल्या. तेव्हा पुरुष दुपारच्या ओहोटीवर पुन्हा खाडीत गेलेले, बायका बाजारात. घरी म्हाताऱ्या आणि पोरं. बाईंनी लिहून आणलं, "पालक घरी आढळत नाहीत."

त्या रात्री सगुणाला झोप आली नाही, आणि सकाळी तिला एक उपाय सुचला. ती शिकली होती त्यातलाच तो उपाय होता. भरती-ओहोटी आणि शाळेची हजेरी यांचा संबंध कुठेतरी, कोणीतरी छापलेला असणारच. तो लेख शोधायचा आणि बाईंच्या पुढ्यात ठेवायचा. मग बाईंना कारण कळेल, निबंध सुधारेल, शाळा वाचेल, आणि सांगणारी सगुणा नसेल, लेख असेल.

ती इरेला पेटली. सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या ग्रंथालयात जाऊन बसली. ‘मासेमारी’ या विषयाखाली शोधलं, ‘समुद्र’ या विषयाखाली शोधलं, समाजशास्त्राच्या आणि शिक्षणाच्या सारांशांचे गठ्ठे उपसले. अखेर एका जाड सूचीत दोन ओळी सापडल्या. कुठल्याशा परदेशी नदीच्या मुखाशी असलेल्या मच्छीमार वस्तीत कोणी शाळेच्या हजेरीची भरतीच्या वेळांशी तुलना केली होती. मूळ लेख मुंबईत नव्हता. तिने मागणी भरली आणि टिपणीसांची सही घेतली.

"एवढं काय आहे यात?" त्यांनी विचारलं.

"पेठेबाईंना उपयोगी पडेल."

"दक्षिणेतल्या विद्यापीठाकडे आहे म्हणता, मग येईल तेव्हा येईल. तिथल्या लोकांना पत्राचं उत्तर द्यायला मुहूर्त लागतो."

सगुणा वाट पाहू लागली. टपाल आलं की खाली जाऊन स्वतः बघायची. फेब्रुवारी गेला. वासंतीबाईंचा निबंध टाइप होऊन आला. "तळटीपा तेवढ्या तपासून दे गं," म्हणून त्यांनी तो तिच्याच हाती दिला. सगुणाने तो घरी नेला आणि एकेक तळटीप तपासली. कुठे पृष्ठक्रमांक चुकला होता, कुठे वर्ष राहिलं होतं, ते सगळं तिने दुरुस्त केलं. निष्कर्षाचं पान तिने वाचलं. "पालकांची उदासीनता व व्यसनाधीनता हे प्रमुख कारण दिसते." त्या वाक्याला तिने हात लावला नाही. आधार काय म्हणून लावणार, असं तिने स्वतःला सांगितलं. लेख अजून आला नव्हता.

संमेलन ठाण्यात एका शाळेच्या सभागृहात भरलं. वासंतीबाईंनी निबंध घाबरत घाबरत वाचला, शेवटी मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग मागितला. अध्यक्षस्थानी शिक्षण खात्यातले एक अधिकारी होते. ते उठले आणि म्हणाले, "किती शास्त्रशुद्ध पाहणी आहे बघा. मी तर म्हणतो, आईबापांनाच शाळा नको असेल तर आपण दोन खोल्या उघड्या कशाला ठेवायच्या? मोठ्या शाळेत घाला ही मुलं, तिथे शिस्त लागेल." टाळ्या पडल्या. वासंतीबाईंचा चेहरा उतरला. त्या काही बोलायला गेल्या, पण हातात आभाराचा कागद होता, तोच त्यांनी वाचला.

"या कामात मला विद्यापीठ ग्रंथालयाच्या सगुणा पाटील यांचं मोलाचं मार्गदर्शन झालं. त्या इथे आहेत. सगुणा, उभी राहा गं."

सगुणा उभी राहिली. लोकांनी वळून पाहिलं, टाळ्या वाजवल्या. अधिकारी हसून म्हणाले, "वा. मार्गदर्शकांना काही सांगायचं आहे का?"

 सांगायला एक वाक्य पुरलं असतं.  समोरच्या रांगेत टिपणीस कौतुकाने मान वळवून बघत होते. "नाही सर," ती म्हणाली आणि खाली बसली.

पंधरा दिवसांत शाळेच्या दारावर कागद लागला. जूनपासून वर्ग मोठ्या शाळेत. सगुणा वाडीवर गेली तेव्हा धाकू फाटलेलं जाळं तुणत बसला होता. त्याने वर न पाहता सांगितलं, "शालेतली बाय आलती इचारायला. मी रातभर पान्यात, डोला लागला व्हता, तवा खेकसलो तिच्यावर. तिनं आमाला दारुडं म्हनून लिवलं. आता मनूला त्या रस्त्यापल्याड कोन धाडनार?"

"तू समजावून का नाय सांगितलंस तिला?"

"मना काय ठाव कशापायी इचारते ती? तुमी शिकलेली मानसं कागद घेऊन येता, आमी काय समजायचं?" मग तो हसला. "तू असतीस तर नीट सांगितलं असतंस."

आवडाबाईने ताट वाढलं. सगुणाने जेवून साबणाने हात घासून धुतले.

लेख एप्रिलमध्ये आला. टिपणीसांनी पाकीट तिच्या टेबलावर टाकलं. "घ्या, तुमचा मुहूर्त लागला." तिने उभ्या उभ्या वाचला. तिला जे पहिल्या दिवशी ठाऊक होतं तेच त्यात होतं, तक्त्यांसकट. ती त्याच संध्याकाळी डोंबिवलीला वासंतीबाईंच्या घरी गेली.

बाईंनी चष्मा लावला. इंग्रजी सावकाश वाचलं, मध्ये दोन ठिकाणी अर्थ विचारला. शेवटी कागद मांडीवर ठेवले.

"हे कुठल्या देशातलं?"

सगुणाने सांगितलं.

"मग आमच्या वाडीत असंच असेल कशावरून? तूच शिकवलंस ना, एका गावचं दुसऱ्या गावाला चिकटवायचं नाही म्हणून."

आता दुसरा कागद नव्हता. सगुणा खाली सतरंजीकडे बघत म्हणाली, "कारण मी त्याच वाडीची, बाई. त्याच शाळेत शिकले. धाकू गोमाजी पाटील माझा भाऊ. तो पीत नाही."

 आत कुकरची शिट्टी झाली, त्या उठल्या नाहीत.

"केव्हापासून माहीत होतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"दुपारी ऊन असतं म्हणालीस तेव्हासुद्धा?"

"हो."

"तू कोळ्यांची हे लपवलंस, ते तुझं तुझ्यापाशी. डोंबिवलीत खोली मिळवताना माणसं काय काय लपवतात ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे सगुणाला तो अधिकच लागला. "पण मी खड्ड्यात चाललेय हे तुला दिसत होतं, आणि तू माझ्या तळटीपा नीट करत बसलीस. माझ्या नावावर त्या माणसांची बदनामी झाली, सगुणा. मी उद्या त्या पोरांसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?"

सगुणाने माफी मागितली नाही. ती रडलीही नाही. रडून बाईंकडून सुटका मागितल्यासारखं झालं असतं.

"चहा घे," बाई शेवटी म्हणाल्या. "आणि उद्या रजा टाक. साहेबांकडे जायचंय."

अधिकाऱ्यांनी दोघींना ताटकळत ठेवलं आणि मग ऐकून घेतलं. परदेशी लेख त्यांनी बाजूला सारला. "बाई, संमेलनात एक वाचता, महिन्याने दुसरं सांगता. मी काय धरायचं? त्या वस्तीतलं कोणी शिकलेलं लेखी देईल का, की मुलं का येत नाहीत, आणि वेळ बदलली तर येतील?"

वासंतीबाई लेखाचे कागद पिशवीत भरू लागल्या. त्यांनी सगुणाकडे पाहिलंही नाही.

"मी देते," सगुणा म्हणाली.

"तुम्ही? तुम्ही तर त्या दिवशी मार्गदर्शक म्हणून उभ्या होतात."

"हो सर. मी त्याच वाडीतली कोळी आहे."

अधिकाऱ्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि तेव्हा विचारलं तर नाही म्हणालात," ते म्हणाले. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. तिने लिहिलं, खाली पूर्ण नाव आणि वाडीचा पत्ता घातला. शेजारच्या टेबलावरचा कारकून मान वाकडी करून वाचत होता, त्याला तिने वाचू दिलं. सोमवारपर्यंत ही बातमी टिपणीसांच्या कानी गेली. त्यांनी त्या दिवशी बाजाराची हकीकत सांगितली नाही, नंतरही कधी सांगितली नाही. तिला ते न सांगणंही झोंबत राहिलं.

शाळा एक वर्षाच्या बोलीवर राहिली. उधाणाच्या दिवसांत वर्ग दुपारी उशिरा भरवायचे ठरले. वासंतीबाई कक्षात येत राहिल्या, सगुणाशी नीट बोलत. पण पुढे कुठल्याही निबंधाचा मजकूर त्यांनी तिला तपासायला दिला नाही.

जूनच्या पहिल्या उधाणाला सगुणा वाडीवर गेली. सकाळची वेळ. आवडाबाई आणि मनू अंगणात कोळंबी निवडत होत्या, धाकू नुकताच खाडीतून येऊन हातपाय धूत होता. सगुणा साडी खोचून त्यांच्यात बसली आणि निवडू लागली. हात सराईतपणे चालले.

"बाईंनी सांगितलं, तू लिवून दिलंस म्हनून शाला ऱ्हायली," धाकू म्हणाला.

"हं."

आवडाबाईने कोळंबीची मूठ टोपलीत टाकली. "त्याच बाईंनी ह्येबी सांगितलं, का तू पयल्यापासून त्यांच्या संगं व्हतीस. त्यो कागद दोघींनी मिलून केला." तिने लेकीकडे पाहिलं. रागाने नाही. खरोखर कळत नसल्यासारखं. "तुला समदं ठाव व्हतं ना गो? मग तवाच का नाय बोललीस?"

मनूही निवडायची थांबून आत्याकडे बघू लागली. शनिवारी कोणत्याही शिक्षकाने काहीही विचारलं तरी सगुणापाशी उत्तर असे, निदान ते कुठे मिळेल हे तरी असे. आता तिने खाली पाहिलं आणि पुढची कोळंबी उचलली.

"सांग ना गो," आई म्हणाली आणि वाट बघत बसली.